आधी उन्हात बघा

ऑक्टोबरमध्ये आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तिसऱ्या दिवशी तिने माझा फोन हातात घेतला आणि विचारलं, "अगं, हा पडदा एवढा निळा कधी झाला?" पडदा तोच होता. इतकी वर्षं तिच्या डोळ्यातलं भिंग पिवळट होत गेलं होतं, निळा प्रकाश वाटेतच अडवत होतं, आणि आता ते भिंग गेलं होतं. मग पुष्कळ वेळ तिचा हाच उद्योग चालला: एक डोळा झाकायचा, फोन बघायचा, दुसरा झाकायचा, पुन्हा बघायचा. डाव्या डोळ्याला पडदा हळदीच्या दुधासारखा, उजव्याला चुन्याच्या निवळीसारखा.

मी ३१ वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, आधी उदगीरला आणि नंतर हैदराबादेत. रंग वस्तूत असतो तितकाच बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो, हे वर्गात किती वेळा सांगितलं असेल. आईने ते काचीगुड्याच्या घरात झोपाळ्यावर बसून स्वतः ताडून पाहिलं. त्याच दिवशी मी ठरवलं, हिला नवा फोन घ्यायचा तो हिच्या डोळ्यांनी.

आईचं फोनवरचं काम काय, तर सकाळी व्हरांड्यातल्या उन्हात बसून मराठी वर्तमानपत्र वाचणं, नातेवाइकांच्या ग्रुपवरचे फोटो बघणं, आणि रात्री दिवे मालवल्यावर हरिपाठाची पीडीएफ उघडणं. म्हणजे एकीकडे भर ऊन, दुसरीकडे पूर्ण काळोख, आणि दोन्हीकडे बारीक देवनागरी. पडद्याची यापेक्षा कठीण परीक्षा मला तरी सुचत नाही.

माझा भाचा गच्चीबावलीला नोकरी करतो. त्याने लगेच यादी पाठवली: कुणाचे ३,००० निट्स, कुणाचे ४,५००, कुणाचा १२० हर्ट्झ, कुणाचा १६५. "मावशी, आकडा मोठा असेल तो घे," असं त्याचं मत. पोरगं हुशार आहे, पण आकडा कुठे मोजला हे त्याने विचारलं नव्हतं. यादी पर्समध्ये घातली आणि नोव्हेंबरच्या एका दुपारी आईला घेऊन मी आबिड्सला जगदीश मार्केटमध्ये गेले.

जगदीश मार्केट ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. आबिड्सच्या मोठ्या रस्त्यालगत दाटीवाटीची मोबाइलची दुकानं, पुढे नवे-जुने फोन आणि मागे हातभर टेबलावर भिंग लावून बसलेले दुरुस्तीवाले. कोठीची गुजराती गल्ली जशी चार्जर, कव्हर, काच यांच्यासाठी, तसं हे मार्केट फोनसाठी. माझा जुना फोन इथेच एका दुरुस्तीवाल्या भाईंनी दोनदा उघडला आहे. विकण्याच्या फोनमध्ये त्यांचा काही फायदा नसतो, म्हणून सल्ला त्यांचाच घ्यावा असं मी मानते. त्यांनी यादीकडे पाहिलंसुद्धा नाही. आईला म्हणाले, "अम्मा, अंदर सब फोन अच्छेच दिखते. पैले बाहर जाके धूप में देखो."

"अच्छेच" मधला तो "च" आपला आहे. दख्खनी बोलीने तो मराठीकडून घेतला आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. आईला तो ऐकून बरं वाटलं आणि ती लगेच फोन घेऊन बाहेर निघाली.

भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश पडतो. त्या उन्हात पांढरा कागद धरला तर कागदाचा उजळपणा सुमारे २५,००० निट्स होतो. निट म्हणजे एका चौरस मीटरमधून एका मेणबत्तीइतका उजेड, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आता भाच्याच्या यादीतल्या सगळ्यांत मोठ्या आकड्याशी हे ताडून पाहा. कागद आपला उजेड उन्हाकडून उसना घेतो, म्हणून ऊन वाढलं की कागदही वाढतो. फोनच्या पडद्याला मात्र आपला उजेड बॅटरीतून काढून उन्हाशी झगडावं लागतं. सूर्याशी बॅटरी जिंकेल ही अपेक्षाच चूक.

पूर्वी असं नव्हतं. २००३ साली आलेला नोकिया ११०० आठवा. त्याचा काळा-करडा पडदा उन्हात जास्त स्पष्ट दिसायचा, कारण तोही कागदासारखा बाहेरच्याच उजेडावर वाचायचा. २००६ मध्ये मोटोरोलाने मोटोफोन एफ३ नावाचा फोन भारतात आणला, त्याला तर इलेक्ट्रॉनिक शाईचा पडदा होता, आजच्या किंडलसारखा. शेतातल्या, रस्त्यावरच्या माणसाचा विचार करून केलेला तो पडदा होता आणि तो विचार योग्य होता. रंगीत चित्रं आणि व्हिडिओ आले आणि तो रस्ता बंद झाला. मला याचं आजही वाईट वाटतं.

आता ३,००० निट्सचं काय ते बघू. डब्यावर छापलेला हा "पीक" आकडा बहुतेक वेळा पडद्याच्या अगदी लहान तुकड्यावर, थोड्या वेळापुरता मिळतो. काळ्या आकाशात एक चांदणी दाखवायची असेल तर त्या चांदणीला ३,००० मिळतील. आईचं वर्तमानपत्र म्हणजे अख्खं पान पांढरं. सगळे ठिपके एकदम पेटले की वीजही सगळीकडे वाटली जाते आणि उजळपणा खाली येतो. म्हणून विचारायचा आकडा वेगळा: पूर्ण पडदा पांढरा असताना, बाहेर उन्हात, किती? चांगल्या फोनमध्ये तो हजार ते दीड हजारांच्या आसपास असतो. आपला डोळाही सरळ हिशेबाने चालत नाही. निट्स दुप्पट झाले म्हणून उजेड दुप्पट वाटत नाही, थोडासाच वाढल्यासारखा वाटतो. ४,५०० आणि ३,००० यांतल्या फरकासाठी दहा हजार रुपये मोजू नयेत.

हैदराबादच्या उन्हाळ्याचा प्रश्न तर आणखी वेगळा. ॲपल आपल्या फोनसाठी भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं सांगतं. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. फोन तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी पडदा मंद करतो. म्हणजे ज्या क्षणी उजेड सर्वांत जास्त हवा, त्याच क्षणी तो कमी होतो. हँडलला फोन बांधून दुपारी दोन वाजता जेवण पोहोचवणारी मुलं सिग्नलला थांबून तळहाताची सावली करून पत्ता वाचताना दिसतात, ती याचमुळे.

उजेड वाढवण्यापेक्षा चमक कमी करणं हा शहाणा उपाय आहे, आणि अलीकडच्या फोनमध्ये मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्रावर अशी काच आली की तिच्यातून परत फिरणारी चमक ७५ टक्क्यांपर्यंत कमी होते असं कंपनीने सांगितलं. सप्टेंबर २०२५ च्या आयफोन १७ वरही चमक कमी करणारा थर आहे. दुकानात एस२४ अल्ट्रा आणि साधा फोन शेजारी ठेवले आणि वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहिलं, तेव्हा आईला आकडे न सांगताच फरक कळला. मात्र यावर स्वस्तातली टेम्पर्ड काच चिकटवली की तो सगळा गुण झाकला जातो. लाखाचा फोन घेऊन वर दीडशे रुपयांची काच लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता पडद्याच्या आत जाऊ. बाजारात मुख्य जाती दोन: एलसीडी आणि ओएलईडी. अमोलेड, सुपर अमोलेड, पी-ओलेड ही सगळी दुसरीच्याच कुळातली नावं.

एलसीडी समजण्यासाठी निजामाच्या काळातल्या इमारतींच्या लाकडी झडपांच्या खिडक्या डोळ्यांपुढे आणा. आत एक दिवा सतत पेटलेला. झडप उघडली तर उजेड बाहेर, मिटली तर अंधार. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला अशा लाल, हिरव्या, निळ्या काचेच्या तीन झडपा असतात. झडपेचं काम करतं द्रव-स्फटिक, म्हणजे वाहणारा पण आतून रांगेत उभा राहणारा पदार्थ. विजेचा दाब दिला की रेणूंची रांग वळते आणि प्रकाश अडतो किंवा सुटतो. आतल्या दिव्याचा दहावा हिस्साही शेवटी बाहेर पडत नाही. झडप कितीही घट्ट मिटली तरी फटीतून उजेड झिरपतो, म्हणून एलसीडीवरचा काळा रंग रात्री राखाडी दिसतो.

हा पदार्थ १८८८ मध्ये प्रागला फ्रीडरिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागला. कोलेस्टेरॉलचं एक संयुग तापवताना त्याला दिसलं की ते दोनदा वितळतं: १४५ अंशांवर गढूळ होतं, १७८ अंशांवर निवळतं. त्याचा पडदा होऊ शकतो हे अमेरिकेत जॉर्ज हाइलमायरच्या गटाने १९६८ मध्ये दाखवलं. आणि या कथेत आपल्या नागपूरचा विद्यार्थी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. शिवरामकृष्ण चंद्रशेखर, सर सी. व्ही. रामन यांचे भाचे, १९५१ साली नागपूर विद्यापीठातून पदार्थविज्ञानात पहिले आले. १९७७ मध्ये बंगळुरूला रामन संशोधन संस्थेत त्यांनी आणि सदाशिव व सुरेश या सहकाऱ्यांनी थाळीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रव-स्फटिक होतात हे सिद्ध केलं. तोवर सगळ्या जगाला काडीसारख्या रेणूंचेच माहीत होते. पुढे त्या थाळीदार रेणूंपासून जपानमध्ये फुजीने एक पातळ फिल्म केली. ती लावली की पडदा बाजूने बघितला तरी रंग उलटत नाहीत. एकाच लॅपटॉपवर चौघांनी दाटीने बसून सिनेमा पाहणं सोपं झालं त्यामागे हा शोध आहे. मी दर वर्षी वर्गात ही गोष्ट सांगायचे आणि मुलं दर वर्षी "आपल्या नागपूरचे?" असं विचारायची.

ओएलईडीत मागचा दिवाच नाही. प्रत्येक ठिपका हाच दिवा. वीज दिली की पेटतो, काढली की विझतो, म्हणून काळा तो खरोखर काळा. कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये सेंद्रिय पदार्थांचे दोन अतिपातळ थर एकावर एक ठेवून दहा व्होल्टपेक्षा कमी दाबात उजेड काढला, तिथून ही वाट सुरू झाली. सॅमसंगने २०१० च्या गॅलेक्सी एसपासून तिला घरोघरी नेलं. आयफोनमध्ये ती २०१७ च्या आयफोन १० पासून आली आणि २०२५ च्या आयफोन १६ई नंतर ॲपलच्या नव्या फोनांत एलसीडी उरलाच नाही.

पण स्वतः जळणारा दिवा झिजतो. तिन्ही रंगांत निळा सर्वांत लवकर, कारण निळ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त असते आणि ती रेणूंनाच तोडते. हिरव्या-लालसाठी अधिक कार्यक्षम पदार्थ मिळाले, तसा टिकाऊ निळा इतक्या वर्षांत बाजारात आला नाही. म्हणून कारागीर निळा ठिपका मुद्दाम मोठा ठेवतात. तरीही एकच चित्र तासन् तास दाखवलं तर त्याची सावली कायमची उरते. हैदराबादच्या कॅबमध्ये बसलात तर चालकाच्या फोनकडे बघा. ॲप बंद असतानाही वर पट्टीची फिकट खूण दिसते. दिवसाला बारा तास नकाशा चालू ठेवणाऱ्याने एलसीडीचा फोन घ्यावा, असं मी स्पष्टच सांगते. त्याच्या कामाला तोच टिकेल.

काळ्या पार्श्वभूमीने बॅटरी वाचते, हेही सरसकट खरं नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजून दाखवलं: उजेड ३० ते ५० टक्क्यांवर असेल तर बचत फक्त ३ ते ९ टक्के, पण पूर्ण उजेडात ३९ ते ४७ टक्के. म्हणजे घरात फारसा फरक नाही, बाहेर भरपूर. एलसीडीवर मात्र मागचा दिवा जळतच असतो, तिथे हा उपाय व्यर्थ.

आमच्या खरेदीचा निर्णय ज्यावर लागला ती गोष्ट यादीत भाच्याने लिहिलीच नव्हती: देवनागरी. इंग्रजीचं अक्षर सुटं आणि मोकळं असतं. आपल्याकडे "उद्ध्वस्त", "वैशिष्ट्य", "दुसऱ्या" अशा शब्दांत इवल्याशा जागेत तीन-तीन मजले चढतात. वर मात्रा, खाली उकार, मधे गाठ. आईला आधी दाखवला तो रेडमी १४सी, जानेवारी २०२५ मध्ये दहा हजारांच्या आत आलेला. पडदा ६.८८ इंच, मोठा, पण ठिपके एचडी प्लस, म्हणजे रुंदीला अवघे ७२०. इंचाला साधारण २६० ठिपके पडतात. एक फुटावरून निरोगी डोळा इंचाला २९० पर्यंत ठिपके वेगळे ओळखू शकतो, हे भूमितीने निघतं. म्हणजे हा पडदा त्या रेषेच्या खाली. मोठ्या अक्षरांत वाचणाऱ्याला, फोन दोन फुटांवर उभा करून भजन बघणाऱ्याला तो पुरेसा आहे आणि त्या किमतीत चांगला आहे. पण ई-पेपरच्या बारीक टायपात "द्ध" आणि "द्य" एकसारखे दिसू लागले. आईने दोनदा "विद्यार्थी" वर बोट ठेवून "हे काय गं?" विचारलं.

मग सीएमएफ फोन २ प्रो, एप्रिल २०२५ मध्ये १८,९९९ रुपयांपासून आलेला. अमोलेड, ६.७७ इंच, इंचाला ३८७ ठिपके. अक्षरं सुटी झाली. इथे एक बारकावा आहे. बहुतेक अमोलेड पडद्यांत प्रत्येक ठिपक्याला तीन रंग नसतात, दोनच असतात. हिरवा प्रत्येकाला, आणि लाल-निळा शेजाऱ्यांत वाटून. म्हणून छापील आकडा सारखा असला तरी एलसीडीवरची शिरोरेखा जरा अधिक घट्ट आणि अमोलेडवरची किंचित रंगीत कडांची दिसते. ३८७ च्या पुढे हे साध्या डोळ्याला जाणवत नाही. तीनशेच्या आसपास जाणवतं.

नव्या महागड्या फोनांतही आता ठिपक्यांची चढाओढ थांबली आहे. हैदराबादेत नानकरामगुड्याला २०१९ पासून वनप्लसचं संशोधन केंद्र आहे, त्यामुळे त्या फोनची इथे जरा घरच्यासारखी चर्चा होते. जानेवारी २०२५ च्या वनप्लस १३ ला इंचाला ५१० ठिपके होते. नोव्हेंबरच्या वनप्लस १५ मध्ये ते ४५० वर आणले आणि त्या बदल्यात पडदा सेकंदाला १२० ऐवजी १६५ वेळा नवा होऊ लागला. खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी हा सौदा ठीक असेल. वाचणाऱ्याला दोन्हींत काही मिळत नाही, काही जातही नाही. ६० वरून ९० किंवा १२० ला गेलं की पान सरकवताना अक्षरं फाटत नाहीत, हा फरक आईलाही दिसला. त्यापुढचा मला दिसला नाही.

आता रात्रीचं. मला स्वतःला दोन वर्षांपासून अंथरुणात फोन वाचला की कपाळ ठणकायचं. चष्मा तपासला, नंबर तोच. मग एके रात्री वर्गातला जुना प्रयोग केला. अंधारात पडदा पांढरा ठेवला, उजेड कमी केला आणि त्याच्यापुढे पेन्सिल झरझर हलवली. पेन्सिलीची सलग धूसर झालर दिसायला हवी होती, दिसल्या सुट्या सुट्या दहा-बारा पेन्सिली. याचा अर्थ पडदा उघडझाप करत होता. पुष्कळ ओएलईडी पडदे उजेड कमी करताना दिवा मंद करत नाहीत, सेकंदाला २४० किंवा ४८० वेळा विझवतात-पेटवतात. डोळ्याला ते कळत नाही, पण काहींच्या मेंदूला सोसत नाही. सगळ्यांना त्रास होतो असं नाही. दिव्यांच्या उघडझापीबद्दल २०१५ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ज्या शिफारशी केल्या, त्यांत ३,००० च्या वरच्या गतीला बंधन ठेवलेलं नाही. आता काही कंपन्या १,९२०, २,१६०, ३,८४० असे आकडे डब्यावर देतात. या आकड्याला मी निट्सच्या आकड्यापेक्षा जास्त मान देते. आणि पेन्सिल तर पर्समध्ये असतेच.

माझा हा फोन गेला तो मात्र वेगळ्याच कारणाने. गेल्या मे महिन्यात एका सकाळी पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उभी राहिली. फोन पडला नव्हता, भिजला नव्हता. पडद्याच्या कडेला केसाहून बारीक तारांचे शेकडो सांधे असतात. एक सांधा सुटला की त्याच्यावरची ठिपक्यांची अख्खी रांग ताब्याबाहेर जाते. हमी संपून चार महिने झाले होते. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलेला खर्च १०,६०० रुपये, आणि फोन घेतला होता १९,००० ला. काउंटरवरचा मुलगा सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, नवाच घ्या." चालू फोन, उत्तम बॅटरी, चांगला कॅमेरा, आणि एका रेघेसाठी कचऱ्यात. मला तो सल्ला पटला नाही आणि अजून पटत नाही.

जगदीश मार्केटमध्ये भाईंनी तीन भाव सांगितले. दुरुस्तीवाले पडदा आणि टच यांच्या जोडीला "फोल्डर" किंवा "कॉम्बो" म्हणतात. स्वस्तातला "इनसेल", म्हणजे ओएलईडीच्या जागी एलसीडी, १,९००. कॉपी ओएलईडी, ४,२००. दुसऱ्या फोनमधून काढलेला अस्सल, ७,०००. इनसेलबद्दल त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येकाने ऐकावं: बोटाचा ठसा पडद्यातून घेणारा फोन असेल तर तो ठसा चालणार नाही, कारण मागच्या दिव्यापलीकडे सेन्सरला काही दिसत नाही. पडदा जरा जाड बसतो आणि बॅटरीही जास्त खातो. हे न सांगता इनसेल बसवून "ओरिजिनल" म्हणणारी दुकानंही आहेत. ओळखायची खूण सोपी: काळं चित्र लावून अंधारात बघा. राखाडी उजेड झिरपत असेल तर ती झडपांची खिडकी आहे.

हा पडदा इतका महाग का, याचं उत्तर हैदराबादच्या इतिहासात आहे. १९६७ मध्ये इथे ईसीआयएल ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी उभी राहिली आणि तिचा ईसी टीव्ही आमच्या मामाच्या कुशाईगुड्याच्या घरात होता. सगळी गल्ली तो बघायला जमायची. मेडचलला २०१५ मध्ये सेलकॉन या हैदराबादच्या कंपनीने फोनचा कारखाना काढला. जून २०२२ मध्ये तेलंगणचे तेव्हाचे उद्योगमंत्री के. टी. रामाराव यांनी राजेश एक्स्पोर्ट्सच्या एलेस्ट कंपनीबरोबर करार केला: २४,००० कोटी रुपयांचा अमोलेड पडद्यांचा कारखाना. मी ती बातमी कापून ठेवली होती. तीन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, महाराष्ट्रात तळेगावची चर्चा असलेला वेदांता-फॉक्सकॉन प्रकल्प गुजरातकडे गेला. त्यातही पडद्यांचा कारखाना होता. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन बाहेर पडलं. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटींची योजना चिप आणि पडदे दोन्हींसाठी जाहीर केली. २०२५ संपेपर्यंत त्यातून चिपचे प्रकल्प मंजूर झाले, पडद्याचा एकही नाही. भारतात फोन जुळवले जातात, पण ओएलईडीचं पॅनेल बनवणारा एकही कारखाना आज देशात चालू नाही. ते येतं कोरियातून आणि चीनमधून.

काम अवघडच आहे. मोठ्या काचेवर, निर्वात पेटीत, सेंद्रिय पदार्थ तापवून त्याची वाफ बसवायची. मधे धातूची अतिपातळ जाळी धरायची, जिच्या लाखो छिद्रांतून प्रत्येक रंग आपापल्या जागीच बसेल. जाळी केसभर सरकली तर हिरवा लालावर चढतो आणि अख्खी काच वाया जाते. पण चंद्रशेखरांनी ज्या देशात बसून द्रव-स्फटिकांची नवी जात शोधली, त्या देशाला हे कायम परक्याकडून घ्यावं लागावं, हे मला मान्य नाही. करार करणाऱ्यांना त्याचं पुढे काय झालं हे विचारत राहिलं पाहिजे, हैदराबादेत आणि तळेगावातही.

आईने शेवटी फोन निवडला तो दुकानाच्या पायरीवर उभं राहून. चार फोन, प्रत्येकावर तेच मराठी पान, तोच टाइप, तोच उजेड. मग आत येऊन काउंटरखाली अंधारात पुन्हा. पेन्सिलीचा प्रयोग मी केला आणि विक्रेता मुलगाही वाकून बघत राहिला. बिल झालं १७,४९९. भाच्याच्या यादीत हा फोन नवव्या क्रमांकावर होता.

पैसे देण्याआधी मी त्या मुलाला विचारलं, याचा डिस्प्ले गेला तर कंपनीचा भाव किती? त्याला माहीत नव्हतं. कंपनीच्या साइटवर सापडलं, तेव्हा त्याने बिलाच्या मागे लिहून दिलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ पासून "राइट टू रिपेअर" पोर्टल चालवलं आहे आणि मे २०२५ मध्ये एका समितीने फोनला दुरुस्तीयोग्यतेचे गुण द्यावेत अशी शिफारस केली आहे. ते गुण डब्यावर छापून येईपर्यंत आपणच विचारायला हवं. तुम्ही पुढचा फोन घ्यायला जाल तेव्हा दुपारी जा, एक मराठी पान बरोबर न्या, फोन बाहेर उन्हात नेऊ द्या म्हणा. आणि डिस्प्लेचा भाव बिलाच्या मागे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.